आखातातल्या शाळेत शिकवायला निघताना : तिकिटाआधी करारनामा वाचा

जानेवारी उजाडला की कोकणातल्या मोहल्ल्यांत, भिवंडी-मुंब्र्यात, मालेगाव-परभणीत मोबाइलवर जाहिराती फिरू लागतात. 'इंग्रजी शिक्षिका पाहिजेत. दुबई, शारजा, मस्कत, रियाध. बी.ए., बी.एड. व्हिसा, राहणे, तिकीट मोफत. त्वरित संपर्क साधा.' आखातातल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या बहुतेक शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, म्हणून ही घाई. ब्रिटिश किंवा अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळा ऑगस्टअखेर उघडतात, त्यांच्या जाहिराती थोड्या उशिरा येतात.

आखात आपल्याला नवे नाही. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांत आजोबा बोटीवर होते, वडील कुवेत-बहरैनला फिटर, ड्रायव्हर किंवा स्वयंपाकी होते. नवे आहे ते हे की आता त्या घरातली मुलगी किंवा सून बी.एड. होऊन तिकडच्या शाळेत इंग्रजी शिकवायला निघते आहे. याचा आम्हाला आनंदच वाटतो. कारणही उघड आहे. महाराष्ट्रात शिक्षण सेवकाचे मानधन २०२३ मध्ये वाढले, तरी ते प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये आहे, आणि त्यावर तीन वर्षे काढायची असतात. विनाअनुदानित शाळेत तर याहूनही कमी पैशांवर वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या बहिणी आमच्या ओळखीच्या आहेत. अशा वेळी साडेतीन-चार हजार दिरहमचा आकडा ऐकला की मन तिकडे धावणारच.

तिकडे वीस-वीस वर्षे इज्जतीने शिकवून, मुलांची शिक्षणे करून, आईवडिलांना हजला पाठवून परतलेले शिक्षकही आम्ही पाहिले आहेत. तेव्हा जाऊ नका असे सांगण्यासाठी हा लेख नाही. पण उन्हाळी सुट्टीत गावी आलेल्या शिक्षिकांची दुसरी गाऱ्हाणीही दरवर्षी कानावर येतात. सांगितलेला पगार आणि हातात पडणारा पगार वेगळा. सुट्टीचे दोन महिने बिनपगारी. नोकरी सोडायची तर पासपोर्ट शाळेच्या कपाटात. या गाऱ्हाण्यांचे मूळ शोधत गेले की बहुतेक वेळा एकाच ठिकाणी पोहोचायला होते: करारनामा घरात कोणी वाचलाच नव्हता.

निकाहाच्या वेळी मेहेरची रक्कम साक्षीदारांसमोर बोलली जाते, लिहिली जाते, मगच सह्या होतात. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे आणि साक्षीदार ठेवावेत, हा हुकूम ज्या आयतीत आहे ती सूरह बकरहमधली आयत कुरआनातली सर्वांत मोठी आयत आहे. आपल्याच घरातली मुलगी दोन-तीन वर्षांचे आयुष्य परक्या मुलखात लिहून देते तेव्हा मात्र आपण सगळे तिकीट आणि बॅगा यांतच गुंतलेलो असतो.

शिकलेल्यांच्या कागदावर कोणाची नजर नसते

पुष्कळ घरांत असा समज आहे की सरकार सगळे कागद तपासूनच माणसाला विमानात बसवते. मजुराच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरे आहे. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यानुसार दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर 'ईसीआर' नोंद असते. आखातातील सर्व देश धरून एकूण १८ देशांत नोकरीला जायचे तर त्याला 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स'ची परवानगी लागते. त्या वेळी त्याचा नोकरीचा करार ई-मायग्रेट या सरकारी प्रणालीत नोंदवला जातो, विमाही सक्तीने उतरवला जातो.

आपली बी.एड. झालेली मुलगी 'ईसीएनआर'मध्ये मोडते. तिला ही परवानगी लागत नाही. शिकलेला माणूस आपले कागद स्वतः वाचून घेईल असे कायदा गृहीत धरतो. गवंड्याचा करार निदान एका सरकारी नजरेखालून जातो, शिक्षिकेचा जात नाही. म्हणून ती नजर घरच्यांनी ठेवायची.

एजंटच्या बाबतीत मात्र कायदा शिकलेल्यांनाही उपयोगी पडतो. परदेशी नोकरीसाठी माणसे भरणाऱ्या एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना असावा लागतो, आणि परवानाधारकांची यादी ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. 'शाळेची सीट आहे, दीड लाख लागतील, पावती मिळत नाही' असे कोणी म्हणाला तर त्याच्याशी बोलणे तिथेच थांबवावे. संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्यात तर भरतीचा खर्च कामगाराकडून थेट किंवा आडमार्गाने घेण्याला स्पष्ट मनाई आहे. सौदीतही भरतीचा, इकामा आणि वर्क परमिटचा खर्च मालकाने सोसायचा असतो.

दोन कागद, दोन आकडे

मुलाखत ऑनलाइन होते. एक धडा शिकवून दाखवायला सांगतात. दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर शाळेच्या शिक्क्याचे पत्र येते. घरात पेढे वाटले जातात. पण हे पत्र म्हणजे करारनामा नव्हे. तिकडच्या कामगार मंत्रालयात जो करार नोंदवला जातो तोच खरा. पुढे वाद झाला तर त्याच कागदावर बोट ठेवले जाते.

अमिरातीत पद्धत अशी आहे की व्हिसाच्या आधी मंत्रालयाच्या नमुन्यातला 'जॉब ऑफर' उमेदवाराला दाखवून त्याची सही घ्यायची, आणि पुढचा करार त्याच्याशी जुळणारा असला पाहिजे. सौदीत करार 'किवा' या सरकारी प्रणालीवर चढवला जातो आणि कामगाराने तो स्वतः मान्य करायचा असतो. म्हणजे वाचायची संधी कायद्याने दिलेली आहे. प्रत्यक्षात काय होते? 'सही इथे करा, बाकी तिकडे आल्यावर बघू' असा निरोप येतो आणि मुलगी तीन पानांवर सह्या करून मोकळी होते. तिकडे गेल्यावर कळते की पत्रात ४,००० होते आणि नोंदवलेल्या करारात २,८००. किंवा हुद्द्याच्या जागी 'शिक्षिका' ऐवजी 'लिपिक' किंवा 'सहायक' लिहिले आहे, कारण शिक्षण खात्याची मंजुरी अजून आलेली नाही.

उर्दू शिकवतो म्हणून मोहल्ल्यातले लोक असे कागद वाचून घ्यायला आमच्याकडे येतात. 'सर, अरबी आहे, तुम्हाला येईलच.' अक्षरे ओळखीची, उच्चारही जमतो. पण कायद्याची अरबी उर्दू वाचणाऱ्याला कळत नाही. आणि आखातात अरबी मजकूर आणि भाषांतर यांत फरक पडला तर साधारणपणे अरबीच ग्राह्य धरतात. तेव्हा दोन्ही भाषांतले आकडे निदान शेजारी ठेवून जुळवावेत. अरबी अंक तर आपल्यातल्या बहुतेकांना वाचता येतात. पगार, मुदत, नोटिशीचे दिवस, प्रोबेशनचे महिने, एवढे चार आकडे जुळले तरी पुष्कळ काम झाले.

मंत्रालयाच्या नमुन्यात न मावणाऱ्या गोष्टी, म्हणजे आठवड्याच्या तासिका, वर्षाचे तिकीट, मुलांच्या फीमधली सवलत, राहण्याची खोली एकटीची की तिघींची, या वेगळ्या पुरवणीत लिहून शाळेची सही-शिक्का मागावा. चांगली शाळा याला नाही म्हणत नाही. टाळाटाळ करते ती शाळा कशी आहे, हे आपल्याला इथेच कळून येते.

व्हिजिट व्हिसावर बोलावण्याचाही एक प्रकार आहे. 'तीन महिन्यांचा व्हिजिट काढा, इथे आल्यावर बदलू.' वर्क परमिटशिवाय शिकवणे बेकायदा आहे. अमिरातीत २०२४ मध्ये कायदा बदलून अशा मालकासाठी दंड १ लाख ते १० लाख दिरहम केला. पण दंड शाळेला झाला तरी मुदत संपलेल्या व्हिसावर अडकते ती आपली मुलगी, आणि मुदत उलटल्यावर दिवसाला ५० दिरहमचा दंड तिच्या नावावर चढत जातो.

पगाराचे तुकडे

करारात पगार एका आकड्यात नसतो. मूळ वेतन, घरभाडे, प्रवास, 'इतर', असे त्याचे भाग पाडलेले असतात. एकूण तेवढेच मिळते ना, मग तुकड्यांशी काय देणेघेणे, असे वाटते. देणेघेणे खूप आहे.

अमिरातीत एक वर्ष पूर्ण केल्यावर नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा आणि पुढच्या वर्षांसाठी ३० दिवसांचा पगार. पण तो मूळ वेतनावर मोजतात. समजा दोन शिक्षिका आहेत, दोघींचा पगार ४,००० दिरहम. एकीचे मूळ वेतन २,८००, दुसरीचे १,५००. पाच वर्षांनी पहिलीला ९,८०० दिरहम मिळतील, दुसरीला ५,२५०. काम सारखे, वर्षे सारखी, फरक फक्त कागदावरच्या वाटणीचा. नोकरी अचानक गेल्यास मदत देणारा जो विमा अमिरातीत २०२३ पासून सक्तीचा आहे, तोही मूळ वेतनाच्या ६० टक्के देतो. ओमान आणि कतारमध्येही सेवासमाप्तीची रक्कम मूळ वेतनाशी बांधलेली आहे.

सौदीचा हिशेब निराळा आहे. पहिल्या पाच वर्षांना अर्ध्या महिन्याचा, पुढे पूर्ण महिन्याचा पगार. पण स्वतः राजीनामा दिला तर दोन वर्षांच्या आत काहीच मिळत नाही, दोन ते पाच वर्षांत एक तृतीयांश, पाच ते दहामध्ये दोन तृतीयांश, आणि दहा वर्षांनंतर पूर्ण.

कुटुंब सोबत न्यायचे असेल तर आणखी दोन आकडे ध्यानात ठेवावेत. अमिरातीत कुटुंबाचा व्हिसा काढायला सर्वसाधारणपणे ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० आणि राहायला जागा, अशी अट आहे. आईच्या नावावर मुलांचा व्हिसा काढायचा तर अटी जास्त असतात, त्या आधी विचारून घ्याव्यात. सौदीत २०२० पासून सोबतच्या प्रत्येक माणसामागे महिन्याला ४०० रियाल शुल्क आहे. नवरा आणि दोन मुले धरली तर वर्षाला १४,४०० रियाल झाले. पगार ठरवताना हे कोण भरणार, याचा उल्लेख झालाच पाहिजे.

काही छोट्या शाळांत पगार बँकेत पूर्ण जमा होतो आणि मग त्यातली काही रक्कम रोख परत मागितली जाते, असे आम्हाला एकाहून अधिक शिक्षिकांनी सांगितले आहे. सरकारी नोंदीत पगार पूर्ण दिसतो, म्हणून तक्रारीला आधार उरत नाही. असा प्रसंग आलाच तर पैसे हातात देऊ नयेत, 'मागणी लेखी द्या' म्हणावे. लेखी कोणी देत नाही.

दहा महिने की बारा?

करारात लिहिलेली मुदत बारकाईने पाहावी. काही शाळा ऑगस्टमध्ये घेऊन जूनअखेर करार संपवतात आणि सप्टेंबरला नवा करतात. म्हणजे जुलै-ऑगस्टचा पगार वाचला. काही शाळा पहिल्या वर्षाच्या शिक्षकांना सुट्टीचा पगार नंतर देऊ म्हणतात, आणि तो 'परत आलात तर' मिळतो. अमिरातीत वर्ष पूर्ण झाले की ३० दिवसांची भरपगारी रजा हा हक्क आहे. शाळेची सुट्टी त्याहून मोठी असते. उरलेल्या दिवसांचे काय, हे करारात असायला हवे.

प्रोबेशनही असेच. अमिरातीत ते सहा महिन्यांहून अधिक ठेवता येत नाही, ओमानमध्ये तीन महिने, कुवेतमध्ये १०० दिवस. एप्रिलला रुजू झालेल्या शिक्षिकेचे सहा महिने सप्टेंबरअखेर संपतात. त्या काळात चौदा दिवसांच्या नोटिशीवर शाळा तिला काढू शकते. म्हणून गावची नोकरी सोडताना घाई करू नये. अनुदानित शाळेतल्या कायम शिक्षकाला इथे तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. तो राजीनामा एकदा मंजूर झाला की तिकडचे काही बिनसले तरी इथला दरवाजा पुन्हा उघडत नाही. तिकडचा नोंदवलेला करार हातात पडेपर्यंत इथला राजीनामा टाकू नये.

२०२० च्या कोरोनाकाळाने आणखी एक गोष्ट शिकवली. अनेक खासगी शाळांनी पगार कापले. अमिरातीत त्या वेळच्या नियमाने कामगाराच्या संमतीने, तात्पुरती कपात करता येत होती. पुष्कळ शिक्षकांनी संमतीपत्रावर सही केली, त्यावर तारीख नव्हती. पगारकपातीच्या कोणत्याही कागदावर 'अमुक महिन्यापर्यंत' हे शब्द नसतील तर सही करू नये, ही शिकवण त्या वर्षाने दिली.

इंग्रजीच्या शिक्षकाचा दिवस

इंग्रजीच्या शिक्षकाला कामाचा भार इतरांपेक्षा जास्त असतो, हे इथे शिकवणाऱ्यांनाही ठाऊक आहे. गणिताची वही बघायला दोन मिनिटे, निबंधाची वही बघायला दहा. तीस मुलांचे चार वर्ग म्हणजे १२० वह्या. दहा मिनिटांप्रमाणे एका निबंधाचे २० तास झाले. त्यावर आठवड्याला २८-३० तासिका, गैरहजर शिक्षकाचे तास, बसची ड्युटी, भाषणस्पर्धा, वार्षिक अंक, सूत्रसंचालन. 'इंग्रजी चांगले आहे ना, मग हेही तुम्हीच करा.' रात्री पालकांचे संदेश.

कायदा अमिरातीत दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास काम सांगतो, रमजानमध्ये रोज दोन तास कमी. पण वह्या घरी नेऊन तपासण्याचे तास कोणी मोजत नाही. म्हणून तासिकांची कमाल संख्या आणि वर्गातली मुलांची संख्या आधी विचारावी. आधीच्या शिक्षिकेने नोकरी का सोडली, हेही विचारावे. हा प्रश्न मुलाखतीत विचारायला संकोच वाटतो. मग त्याच शाळेत काम केलेल्या, आपल्या गावच्या कोणाला तरी शोधावे. आपल्या लोकांना आखातात माणूस शोधायला कितीसा वेळ लागतो!

पगारातली दरी मात्र डोळे उघडे ठेवून स्वीकारायची असते. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या महागड्या शाळेत इंग्रजी शिकवणारा आणि कमी फीच्या भारतीय शाळेत शिकवणारा यांच्या पगारात मोठे अंतर असते, आणि मोठ्या शाळा पुष्कळदा ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे असेच शिक्षक मागतात. आपल्या मुलींना बहुतेक भारतीय शाळांतच जागा मिळते. तिथे फी कमी, म्हणून पगारही कमी. ती कसर शिकवण्या घेऊन भरून काढण्याची रीत जुनी आहे, पण परवान्याशिवाय ते बेकायदा ठरते. अमिरातीने डिसेंबर २०२३ मध्ये खासगी शिकवणीसाठी परवाना सुरू केला. तो दोन वर्षांचा आणि मोफत आहे. शिकवणी घ्यायचीच तर तो काढूनच.

नवऱ्याच्या व्हिसावर शिकवणाऱ्या बहिणी

आखातातल्या भारतीय शाळांचा मोठा भार ज्या शिक्षिका उचलतात त्या नोकरीसाठी गेलेल्या नसतात. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या, घरात बसून कंटाळलेल्या किंवा घरखर्चाला हातभार लावू पाहणाऱ्या या बहिणी. शाळेला त्या सोयीच्या असतात. व्हिसाचा खर्च नाही, घर नाही, तिकीट नाही. 'तुम्हाला तर राहायला घर आहेच' असे म्हणून पगारही कमी सांगितला जातो. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, तसे होते, आणि कागदाशिवाय काम सुरू होते.

नवऱ्याच्या व्हिसावर असले तरी काम करायला परमिट लागतेच. अमिरातीत कुटुंबाच्या व्हिसावरच्या व्यक्तीसाठी वेगळे वर्क परमिट आहे, सौदीत 'अजीर' नावाची सोय आहे. परमिट काढले तर त्या बहिणीलाही करार, रजा, ग्रॅच्युइटी सगळे लागू होते. परमिट न काढता 'मदतनीस' म्हणून दोन वर्षे शिकवले तर ती दोन वर्षे कुठल्याच कागदावर नसतात. अनुभवाचे प्रमाणपत्रही मिळत नाही. नवऱ्याने आपल्या भाडेकराराची आणि इकाम्याची जेवढी काळजी केली तेवढीच बायकोच्या परमिटची करावी.

याच बहिणींसाठी आणखी एक माहिती. बाळंतपणाची रजा अमिरातीत ६० दिवस आहे, त्यातले ४५ दिवस पूर्ण आणि १५ दिवस अर्ध्या पगाराचे. ओमानमध्ये २०२३ च्या नव्या कायद्याने ९८ दिवस, सौदीत २०२५ पासून १२ आठवडे. गरोदर आहे म्हणून नोकरीवरून काढता येत नाही. 'पुढच्या वर्षी बघू' असे तोंडी सांगून घरी बसवले तर तेवढ्यावर गप्प बसू नये, ते लेखी मागावे.

सोडायचे कसे?

नोकरी धरण्याआधीच ती सोडायची वाट पाहून ठेवावी. अमिरातीत नोटीस ३० ते ९० दिवसांची असते. नोटीस न देता निघून गेले तर तेवढ्या दिवसांचा पगार भरून द्यावा लागतो, आणि न कळवता गैरहजर राहिले तर शाळा तशी नोंद करू शकते. सौदीत याला 'हुरूब' म्हणतात. तो शिक्का बसला की दुसरी नोकरी आणि परतीचा प्रवास, दोन्ही अवघड होते. सौदीत मुदतीचा करार योग्य कारणाशिवाय मध्येच मोडला तर उरलेल्या मुदतीच्या पगाराएवढी भरपाई मागितली जाऊ शकते. म्हणून दोन वर्षांच्या करारावर सही करताना दोन वर्षांचाच विचार करावा.

पूर्वी मालकाच्या 'एनओसी'शिवाय हलता येत नसे. हे चित्र पुष्कळ बदलले आहे. कतारने २०२० मध्ये आणि ओमानने जानेवारी २०२१ पासून ती अट काढली, सौदीने मार्च २०२१ पासून ठरावीक अटींवर नोकरी बदलण्याची वाट दिली. तरी 'एनओसी देणार नाही' ही धमकी अजून चालते, कारण कायदा बदलल्याचे शिक्षकांना ठाऊक नसते.

पासपोर्ट स्वतःजवळ ठेवणे हा हक्क आहे. मालकाने तो ठेवून घेणे कायद्याला मंजूर नाही. व्हिसाच्या शिक्क्यासाठी दिला तर पोच घ्यावी आणि काम होताच परत मागावा. पदवीच्या मूळ प्रमाणपत्रांचेही तसेच. ती दाखवायची असतात, ठेवायला द्यायची नसतात.

गाऱ्हाणे कुठे न्यायचे?

तिथल्या कामगार मंत्रालयाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. अमिरातीत २०२४ पासून ५०,००० दिरहमपर्यंतच्या वादात मंत्रालय स्वतःच निर्णय देऊ शकते. भारताच्या बाजूने परराष्ट्र मंत्रालयाचे 'मदद' हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे. तिथे तक्रार नोंदवली की ती त्या देशातल्या दूतावासाकडे जाते. दुबईत आणि रियाधमध्ये 'प्रवासी भारतीय सहायता केंद्र' आहे. दूतावासांकडे २००९ पासून 'भारतीय समुदाय कल्याण निधी' असतो, त्यातून अडलेल्याला वकिलाची किंवा तिकिटाची मदत होऊ शकते. इथल्या एजंटविरुद्ध तक्रार असेल तर मुंबईच्या 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' कार्यालयात जावे.

या सगळ्या ठिकाणी पहिला प्रश्न एकच विचारतात: करारनाम्याची प्रत आहे का? म्हणून प्रत तीन ठिकाणी असावी. एक तिच्या मोबाइलमध्ये, एक ई-मेलवर, आणि एक गावी घरच्या कपाटात, निकाहनाम्याशेजारी.

निघण्याआधी घरच्यांनी विचारायचे प्रश्न

१. एजंटचा परवाना ई-मायग्रेटच्या यादीत पाहिला का? दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती आहे का?

२. व्हिसा नोकरीचा आहे का? हुद्द्याच्या जागी 'शिक्षिका' लिहिले आहे का?

३. पत्रातला पगार आणि नोंदवल्या जाणाऱ्या करारातला पगार एकच आहे का? त्यात मूळ वेतन किती?

४. पगार बारा महिन्यांचा का? पहिल्या वर्षाच्या सुट्टीचे काय?

५. आठवड्याला तासिका किती, वर्गात मुले किती?

६. राहण्याची जागा कुठे, कोणासोबत? वीज-पाण्याचे बिल कोण भरणार?

७. पदवी आणि बी.एड. तिकडे चालतील का? प्रमाणपत्रांवर राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि त्या देशाचा दूतावास अशी साक्षांकने लागतात. सौदी, ओमान आणि बहरैन 'अपोस्टिल' मानतात, अमिरातीसाठी दूतावासाचा शिक्का लागतो. बी.एड. दूरस्थ पद्धतीने केले असेल, जसे आपल्यातले पुष्कळजण मौलाना आझाद उर्दू विद्यापीठातून करतात, तर ते मान्य होईल का, हे शाळेकडून लेखी घ्यावे. हा खर्च कोण करणार, तेही.

८. नोटीस किती दिवसांची? मध्येच सोडल्यास काय भरावे लागेल?

या प्रश्नांची उत्तरे मागितली म्हणून एखादी शाळा नोकरी नाकारील, अशी भीती वाटते. ज्या शाळेला शिक्षिका हवी आहे ती उत्तरे देते, आणि ती मागणाऱ्या शिक्षिकेशी पुढेही जपून वागते. एका संध्याकाळी अम्मी-अब्बा, भाऊ, नवरा, सासरे अशा सगळ्यांनी बसून करारनामा मोठ्याने वाचावा. कळले नाही तिथे खूण करावी, शाळेला विचारावे, गावातल्या वकिलाला किंवा तिकडे राहून आलेल्या कोणाला दाखवावे. यात एक संध्याकाळ जाईल. सही त्यानंतर करावी, आणि तिकीट त्याच्याही नंतर.